तांदूळ कुठून यायचा?

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीला आमच्या घरच्या एकवीस मोदकांपैकी चौदा फुटले. मोदकपात्राचे झाकण उचलले तेव्हा गूळ-खोबरे हळदीच्या पानांवर उतरले होते आणि पाकळ्या सुटून आडव्या झाल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या माझ्या आत्याने एकच प्रश्न विचारला, "पिठी कुठली?" पाकिटातली, असे मी सांगितले.

"मग फुटणारच. आपल्याकडे मुळशीचा आंबेमोहर यायचा. त्याची उकड काढली की वास पार माजघरापर्यंत!"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दर चतुर्थीला, दर साखरभाताला, घरात कोणी आजारी पडून पेज केली तरी ते म्हटले जाते. मात्र माझे सारे आयुष्य महाविद्यालयात मराठी गद्य शिकवण्यात गेले, आणि वाक्य कानावर पडले की त्यातला कर्ता शोधायचा ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. या वाक्यात कर्ता तांदूळ आहे. तो पाहुण्यासारखा येतो. कोणी पाठवला, कोणी वाहून आणला, कोणी कांडला, त्याचे पैसे दिले की नाही, यातले काहीही विचारायला वाक्यात जागा नाही.

हा लेख पुढच्या चतुर्थीसाठी चांगला तांदूळ शोधण्याच्या खटपटीतून सुरू झाला. शोधता शोधता तो या वाक्याचा शोध झाला. दोन्ही शोध वेगळे ठेवण्याचा मी प्रयत्न करून पाहिला, पण दुकानात तांदूळ का मिळत नाही याचे निम्मे उत्तर त्या वाक्यात जे सांगितलेले नाही त्यातच निघाले.

१. कृतीतला तांदूळ

माझ्यासारखीने सुरुवात पुस्तकांपासून करावी हे ओघानेच आले. मराठीतल्या छापील पाककृतींच्या पुस्तकांना आता दीडशे वर्षे झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. आपण ही पुस्तके उघडतो ती प्रमाण बघायला, आणि त्यांच्यावर समीक्षकाने लिहावे असे कोणाला फारसे वाटत नाही. पण प्रत्येक पाककृतीत एक गृहीत वाचक असतो, आणि तो वाचक बदलत गेल्याचा इतिहास या पुस्तकांत स्पष्ट दिसतो.

जुन्या पुस्तकाचा वाचक स्वयंपाकघरात आधीच उभा आहे. त्याला पदार्थ माहीत आहे, भांडे माहीत आहे, विस्तव माहीत आहे. पुस्तक त्याला फक्त आठवण करून देते. 'रुचिरा'ची वाचक मात्र नोकरीच्या गावी दोन खोल्यांत संसार मांडलेली मुलगी आहे. तिच्या शेजारी सासू किंवा आई उभी नाही. म्हणून तिथे वाटी आणि चमचा आला. हाताच्या अंदाजात अडकलेले ज्ञान कमलाबाईंनी मापात उतरवले, आणि मराठी गद्याच्या इतिहासात या कामाची नोंद व्हायला हवी असे मला वाटते. अनोळखी माणसाला घरबसल्या नेमकेपणाने काही शिकवणारे इतके सोपे गद्य आपल्याकडे फार नाही.

पण माप परिमाण सांगते, जात सांगत नाही. उकडीच्या मोदकाची कृती कुठेही वाचा. तांदूळ धुऊन, फडक्यावर सावलीत वाळवून, बारीक दळून आणावा. जेवढी पिठी तेवढे पाणी. पाण्याला उकळी आली की चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, मग पिठी, मग झाकण ठेवून वाफ. पुण्यात असो की पेनसिल्व्हेनियात, दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी. आता तांदूळ जुना असेल तर तो जास्त पाणी पितो, नवा असेल तर कमी. चिकट जातीचा असेल तर उकड मळताना बोटाला तार देते, मोकळ्या जातीचा असेल तर पारीला कडेने चिरा पडतात. वाटीला यातले काहीही कळत नाही.

त्यातही एक गंमत आहे. पिठी नव्या तांदळाची घ्यावी, असे थोरल्या बायका आवर्जून सांगतात. पण चतुर्थी भाद्रपदात येते. मावळात त्या वेळी भात शेतात उभे असते, फार तर पोटरीला आलेले असते. कापणी होते दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे भाद्रपदातल्या मोदकाचा 'नवा' तांदूळ किमान नऊ-दहा महिन्यांचा असतो. नवा याचा अर्थ इथे एवढाच, की त्याच्या आदल्या सालचा नव्हे. ज्या घराचे शेताशी नाते आहे तिथे हे सांगावे लागत नाही. जिथे नाते तुटले आहे तिथे सांगूनही कळत नाही, कारण पाकिटावर दळल्याची तारीख असते, कापणीची नसते.

हा पुस्तकांचा दोष नव्हे. तांदूळ ठाऊक आहे आणि घरात आहे, या गृहीतावरच त्या उभ्या आहेत. ते गृहीत सरकले की कृतीचे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते, मोदक मात्र फुटतो.

२. दुकानातला तांदूळ

चतुर्थीनंतरच्या आठवड्यात मी पेठेतल्या पाच दुकानांत गेले. पाचही ठिकाणी आंबेमोहर होता. एका दुकानात तर शेजारी शेजारी तीन पोती होती, तिन्हींवर आंबेमोहर, तिन्हींचे भाव वेगळे. दुकानाचे मालक वयस्क होते आणि दुपारची वेळ असल्याने सवडीत होते.

"काका, यातला मुळशीचा कुठला?"

"ताई, तिन्ही आंबेमोहरच."

"पण मुळशीचा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मुळशीचा मुळशीत तरी मिळतो का ते आधी बघून या. हा तेलंगणातला आहे, तो मध्य प्रदेशातला. आणि स्वस्तातला हवा असेल तर पलीकडचा. पण देवाला म्हणताय, म्हणून सांगतो, तो घेऊ नका."

पलीकडचा म्हणजे बहुधा जीराशंकर. हा दिसायला आंबेमोहरासारखाच आखूड आणि बारीक असतो, आंध्रकडून येतो आणि पुष्कळदा आंबेमोहर म्हणूनच विकला जातो. दुसरा भाऊबंद इंद्रायणी. ती मात्र तोतया नव्हे, लेक आहे. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने ती १९८७ मध्ये दिली. आईचा वास थोडा कमी, बापाचे उत्पन्न बरेचसे. आंबेमोहराचे रोप उंच वाढते, ओंबी भरली की वाऱ्यापावसात लोळते, तयार व्हायला वेळ घेते आणि पदरात कमी टाकते. इंद्रायणी ठेंगणी, उभी राहणारी आणि चांगली उतरणारी. मावळातल्या शेतकऱ्याने इंद्रायणी का धरली हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. आज पुण्यातल्या घरांत ज्याला 'आपला मावळचा तांदूळ' म्हणतात तो बहुतेक इंद्रायणीच असतो, आणि तो चांगलाच तांदूळ आहे.

वासाबद्दल थोडे. आंबेमोहर हे नाव म्हणजे गोठून गेलेली उपमा आहे. कोणा शेतकऱ्याला शिजत्या भाताचा वास आंब्याच्या मोहरासारखा वाटला आणि उपमेचे नाव झाले. रसायनशास्त्र वेगळे सांगते. आंबेमोहराच्या वासातला मुख्य घटक, २-असिटिल-१-पायरोलिन, हाच बासमतीत असतो आणि आपण बिर्याणीत घालतो त्या रंपेच्या पानातही असतो. तो उडून जाणारा आहे, साठवणीत महिन्यामहिन्याने कमी होत जातो. म्हणजे माजघरापर्यंत जाणारा वास हवा असेल तर जात अस्सल हवी, ती जिथे मुरली आहे ती हवा-माती हवी आणि कापणीही फार मागची नको. भाद्रपदात यातली तिसरी गोष्ट कोणालाच मिळत नाही.

आता आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, रोपाचे करत नाही. मला दुकानात नाव हवे तितके मिळत होते.

३. स्मरणरंजनातला तांदूळ

नाव उरते आणि वस्तू जाते, तेव्हा साहित्य तयार होते. आपले दिवाळी अंक याला साक्षी आहेत. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात आजीच्या स्वयंपाकघरावर एक लेख असतो. मीही असे दोन लिहिले आहेत, त्यामुळे पुढचे मी स्वतःला धरूनच म्हणते आहे.

या प्रकाराचे मराठीतले घराणे मोठे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन'ने खाण्याविषयी मनमुराद लिहिण्याला प्रतिष्ठा दिली. खाणे ही चोरून करायची गोष्ट नाही, ते माणसाच्या संस्कृतीचे अंग आहे, हे त्यांनी हसत हसत मान्य करायला लावले. दुर्गाबाई भागवतांच्या 'खमंग'मागे लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाची नजर आहे. त्यांच्या हातात पदार्थ आला की त्याच्याबरोबर रीत येते, समजूत येते, प्रदेश येतो. या दोघांनंतर आलेल्या आमच्यासारख्यांनी मात्र एक सोपी वाट धरली. वास, चव, आजीचे हात, पितळी पातेले, आणि शेवटी 'आता ते उरले नाही'. या सगळ्याला जोडणारे क्रियापद एकच आहे. ते म्हणजे 'यायचे'. कोकणातून फणस यायचे. गावाहून गूळ यायचा. मळ्यातून हुरडा यायचा. मुळशीहून तांदूळ यायचा.

या क्रियापदावर उगाच आरोप करायचा नाही. मराठीत पाऊस येतो, आंबे येतात, झोपही येते. ऋतूबरोबर येणाऱ्या गोष्टींना 'येणे' लावणे ही भाषेची जुनी आणि सुंदर रीत आहे. घरातल्या लहान मुलाच्या नजरेने पाहिले तर गोष्टी खरोखर 'येतात'. सकाळी उठून पाहावे तर ओटीवर पोते असते. स्मृतिलेखाचा निवेदक बहुधा तेच लहान मूल असते, त्यामुळे क्रियापदही त्याचे असते. इथवर तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची. लिहिणारा मोठा होतो, साठीला येतो, पण क्रियापद मोठे होत नाही.

याच भाषेत, याच काळात दुसरे लिहिले गेले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. बलुतं म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. धान्य तिथेही घरात येते, पण ते कशाच्या बदल्यात येते हे पुस्तकाच्या नावातच सांगितले आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर लिहिताना 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले. आमच्या जेवणघरांत भिंतीवर टांगलेल्या श्लोकाला त्यांनी एक अक्षर जोडले, आणि त्या एका अक्षरात कोणाच्या ताटात काय पोहोचत नव्हते याचा हिशेब मागितला. या लेखनातही चवीची आठवण आहे, ओढ आहे, अगदी कृतीही आहेत. स्मरणाला तिथे बंदी नाही. फक्त अन्न मिळते, आणले जाते, मागितले जाते, नाकारले जाते. प्रत्येक क्रियापदाला दोन टोके आहेत.

आणि खुद्द मुळशीची साक्ष हवी असेल तर तीही आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या कामाची सुरुवात आणि मोठा भाग मुळशी-मावळच्या डोंगरगावांतला आहे. त्या ओव्या गाणाऱ्या बाया दळता दळता गात होत्या. पिठामागचे हात त्यांना शोधावे लागत नव्हते, ते त्यांचेच होते. माझ्या आत्याचे वाक्य आणि जात्यावरच्या त्या ओव्या यांच्यात वाटेने तीस-चाळीस मैलांचे अंतर आहे. साहित्यात मात्र त्या दोघींची गाठ मी कधी घालून दिली नव्हती. तीस वर्षे मी लोकवाङ्मय एका तासाला शिकवले आणि ललितगद्य दुसऱ्या तासाला.

४. वहीतला तांदूळ

मुळशीचे नाव घेतले की पुढे धरणाचे नाव येते. टाटांच्या वीज कंपनीने नीला-मुळेच्या खोऱ्यात धरण बांधायला घेतले ते मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज पुरवण्यासाठी. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेतल्या गेल्या. पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती, आणि बुडणाऱ्या जमिनीत खोऱ्यातली उत्तम भातखाचरे होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळाले तेही याच लढ्यात. १९२४ च्या अखेरीस लढा मोडला, बापट सात वर्षांच्या शिक्षेवर गेले, आणि दशक संपता संपता खोरे पाण्याखाली होते.

या लढ्याचा प्रत्यक्ष सहभागी असलेले विनायक महादेव भुस्कुटे यांचे पुस्तक मराठीत आहे, आणि राजेंद्र व्होरा यांचा तपशीलवार अभ्यास २००९ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने आला. व्होरा वाचताना एका गोष्टीपाशी मी थांबले. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनीवर पुण्यातल्या सावकारांचा ताबा किंवा हक्क होता. कसणारा मावळा एकीकडे आणि कागदावरचा मालक दुसरीकडे. जीव द्यायला निघाला तो पहिला. सौदा करायचा मार्ग खुला होता तो दुसऱ्याला, आणि मोबदल्याची बोलणी तिकडे वळल्यावर सत्याग्रहाचा कणा मोडला.

मी पुस्तक मिटले आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

त्या ट्रंकेत पणजोबांच्या वह्या आहेत हे मला ठाऊक होते. मोडी मला वाचता येत नाही, म्हणून कधी पाहिल्या नव्हत्या. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी दोन दुपारी बसून एक वही लावून दिली. ती खंडाची वही होती. मुळशी पेट्यातल्या एका गावची. डावीकडे कुळांची नावे, आडनावाशिवाय, एकेरी. उजवीकडे आकडे: भात इतके मण, इतक्या पायली. बाकी इतकी. मागील बाकी इतकी. काही नावांपुढे बाकी वर्षानुवर्षे वाढत गेलेली.

'भात' हा शब्द पाहून मी अडखळले. पुण्यात भात म्हणजे शिजलेला. मावळात भात म्हणजे टरफलासकटचे धान्य. वहीतले भात दुसऱ्या अर्थाचे आहे. म्हणजे मुळशीहून तांदूळ येतच नव्हता. भात येत होते. त्याचा तांदूळ कोणीतरी वाड्याच्या मागच्या अंगणात मुसळाने करत होते. त्या बायांची नावे त्या वहीत नाहीत. दुसऱ्या कुठल्या वहीत असतील असे वाटत नाही.

खंडाच्या नोंदी शके १८४५ ला, म्हणजे १९२३-२४ साली, संपतात. नंतर दीड पान मोबदल्याच्या रकमा आहेत. त्यानंतर पाने कोरी, आणि शेवटच्या काही पानांवर पुढे केव्हातरी कोणीतरी शिसपेन्सिलीने दुधाचा हिशेब लिहिला आहे.

माझ्या आत्याचा जन्म १९४१ चा.

हे गणित मला त्या दुपारी सुचले नाही, रात्री सुचले. आत्या जन्मली तेव्हा त्या जमिनीवर पाणी उभे राहून दशक उलटून गेले होते. तिचे बालपण महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या रेशनिंगमध्ये गेले. माजघरापर्यंत जाणारा तो वास तिने कुठे घेतला?

विचारावे की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. चौऱ्याऐंशीव्या वर्षाकडे निघालेल्या माणसाच्या आठवणीची तारीख तपासणे हे संशोधन की दुष्टपणा, हे मला अजूनही नीट ठरवता येत नाही. शेवटी विचारले.

आत्या बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, ते माझ्या आजीच्या तोंडचं. आजी म्हणायची, आपल्याकडे मुळशीचा आंबेमोहर यायचा. तेव्हाही 'यायचा'च होतं गं."

"मग तू कधी खाल्लास?"

"रेशनच्या तांदळात खडे असायचे. आई निवडायची आणि आजी शेजारी बसून हे सांगायची. तो लाल, वासट भात आम्ही त्या आंबेमोहरावर खाल्ला."

मला वाटते, स्मरणरंजनावर इतके नेमके मी कुठे वाचलेले नाही. मी ज्याला खोटी आठवण म्हणायला निघाले होते ती तीन पिढ्यांनी सांभाळलेली गोष्ट होती, आणि तिने एका मुलीला रेशनचा भात गिळायला मदत केली होती. तिचे ते काम मला खोडायचे नाही. पण त्याच गोष्टीने मोबदल्याचे दीड पान झाकले होते, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही एकाच वाक्यात राहतात. समीक्षेने त्यातले एक निवडायचे नसते, दोन्ही वाचायचे असते.

५. शेतातला तांदूळ

मार्गशीर्षात मी मुळशीला गेले. जलाशयाच्या वरच्या अंगाला, रस्त्यापासून आत. वाटेत बंगल्यांच्या कुंपणांवर 'खाजगी मालमत्ता'च्या पाट्या होत्या. दोन ठिकाणी विचारल्यावर एका घराचा पत्ता मिळाला, जिथे आंबेमोहर अजून लावतात.

घरची बाई साठीची असेल. अंगणात भात वाळत होते. "इंद्रायणी इकायला," तिने सांगितले, "आन् आंबेमोहर घरापुरता. पाच-सा गुंठं. पोरी बाळंतपनाला येत्यात, त्यान्ला पेज लागती."

मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. राब भाजायचा. रोप टाकायचे. चिखलणी, मग आवणी, मग बेणणी. पोटरीला आले की रानडुकरांची राखण. आडवे पडले तर बांधून उभे करायचे. कापायचे, वाळवायचे, भारे बांधायचे, झोडायचे, उफणायचे. पूर्वी कांडायचे, आता गिरणी. मी वहीत लिहून घेत होते. लिहिता लिहिता लक्षात आले की मी फक्त क्रियापदे लिहीत आहे. एका तांदळाला मोजून बारा झाली. आमच्या घरात त्यातले एकही पोहोचले नव्हते. तेरावे तेवढे होते.

"तुमी कोन्त्या गावच्या?" तिने विचारले.

मी वहीतल्या गावाचे नाव सांगितले.

"ते पान्यात गेलं की! तिथलं कूळ का तुमी?"

मी नाही म्हटले. पुढचे वाक्य जुळवताना माझी जीभ अडली. "आमच्याकडे तिकडून खंड यायचा," मी म्हटले.

म्हणजे इतके सगळे वाचून, मोजून, लिहून घेऊनही, वेळ आली तेव्हा मीही तेच क्रियापद वापरले. "आम्ही खंड घ्यायचो" हे साधे, कर्त्यासकटचे मराठी वाक्य मला येत नव्हते असे नाही.

"असं व्हय," ती म्हणाली, आणि आत जाऊन तराजू घेऊन आली. तीन किलो तांदूळ तिने काटा हलायचा थांबेपर्यंत मोजला. भाव दुकानातल्या सगळ्यात महागड्या पोत्याहून जास्त होता. मी घासाघीस केली नाही, तिनेही कमी केला नाही. निघताना वर मूठभर घातला, तो मात्र तिच्या रीतीने.

६.

यंदाच्या चतुर्थीला त्यातल्या दीड किलोची पिठी काढली. तांदूळ धुतला, सावलीत वाळवला, गिरणीत आधी दुसरा तांदूळ दळून घेऊन मग हा दळला. उकड मऊ झाली, पारी पातळ झाली, एकवीस मोदकांपैकी दोनच फुटले. ते माझ्या हाताचे फुटले, तांदळाचे नव्हेत.

या लेखातून मला काय म्हणायचे आहे ते आता थोडक्यात. खाण्याच्या आठवणी लिहू नयेत असे मला म्हणायचे नाही. त्या लिहाव्यात, त्यांत वास असावा, लोभ असावा. पण मराठी खाद्यलेखनाचे मूल्यमापन करताना आपण आजवर भाषा किती रसाळ आहे एवढेच विचारत आलो. त्याच्या जोडीला आणखी एक साधा प्रश्न विचारावा, जो आपण पाचवीतल्या मुलाला विचारतो: या वाक्यात क्रिया कोण करते आहे? तांदूळ येतो तेव्हा त्याला आणणारे कोणी असते. पीठ मऊ होते तेव्हा ते मळणारे कोणी असते. लेखाची चव त्याने कमी होईल अशी भीती वाटते, पण 'बलुतं'ची झाली नाही आणि ओव्यांची तर नाहीच. माझे जुने दोन लेख मी या कसोटीवर वाचून पाहिले. दोन्हींत मिळून 'यायचे' सतरा वेळा आहे. आणणारा एकदाही नाही.

आत्याने मोदक फोडला, वरून तूप घेतले, अर्धा खाल्ला. मग विचारले, "कितीला पडला तांदूळ?"

मी सांगितले.

"महाग आहे. कुणाकडून घेतलास?"

मी त्या बाईचे नाव सांगितले, तिच्या गावाचे सांगितले, पेजेसाठी सहा गुंठे राखतात तेही सांगितले. मुळशीच्या तांदळाविषयी आमच्या घरात हे दोन प्रश्न माझ्या आठवणीत पहिल्यांदाच विचारले गेले.

"आणि वास?" मी विचारले. "आहे तसाच?"

आत्याने उरलेला अर्धा मोदक नाकाजवळ नेला. "मंद आहे," ती म्हणाली. "पण मी तरी तो कुठे घेतला होता!"